माळरान हाती घेताय? आधी पाणी, मग झाडं

दादा, मुरमाड माळ घेतलात, छान केलंत. पण रोपांची ऑर्डर थांबवा. मी पहिल्याच वर्षी ३०० झाडं लावली होती. मे उजाडेपर्यंत ११ उरली.

आधी पाणी अडवा. बांबूच्या तीन काठ्या, दोरी आणि ओळंब्याला एक दगड, एवढ्यावर समपातळी रेघ (उतारावर एकाच उंचीवरून जाणारी) आखता येते. चर त्याच रेघेवर खणा. उताराच्या दिशेने खणलात तर आहे ती मातीही ओढ्यात जाईल.

मग एवढंच:
- पहिल्या पावसावर ताग पेरा, फुलोऱ्यात येताच (साधारण ४५ दिवस) खत म्हणून मातीत गाडा.
- बांधावर गिरिपुष्प (पाल्याचं खत देणारं झाड) लावा.
- काडीकचरा पेटवू नका.

आणि मोकाट गुरं! नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं चराईबंदी उगाच नाही केली. कुंपणाआधी शेजाऱ्यांशी बोला.