टॅब चालेल का कार्ड मशीनच घ्यावं?

प्रश्न : नवी पेठेत चादर-टॉवेलचं छोटं दुकान आहे. पोराचा जुना टॅब पडून आहे, त्यावरच बिल आणि कार्डाचे पैसे दोन्ही भागेल का? मशीनचं भाडं जीवावर येतं. – एक दुकानदार, सोलापूर

उत्तर : बिलाला, स्टॉकला टॅब मस्त, खुशाल वापरा. पण गिऱ्हाइकाचा पिन त्याच्यावर नको. कार्ड मशीनमध्ये पिन दाबला की आतल्या आतच तो एन्क्रिप्ट होतो, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही अशा गुप्त भाषेत बदलतो, आणि कुणी मशीन खोलायला गेलं तर ही गुप्त भाषा उलगडणाऱ्या आतल्या डिजिटल किल्ल्या पुसल्या जाऊन मशीन डबडं होतं, पोराच्या गेमवाल्या टॅबला ही सोय कुठली! आणि सोलापूरचा मे महिना विसरू नका, मी एक टॅब काउंटरवर कायम चार्जिंगला लावून ठेवलेला, त्याचं मागचं झाकण पापडासारखं फुगलं.

पण आधी महिनाभर वहीत लिहा, कार्ड किती जण काढतात ते. बहुतेक लोक यूपीआयवाले असतील तर क्यूआर आणि साउंडबॉक्सवर भागतंय, जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिटला दुकानदाराला एमडीआर, म्हणजे दर व्यवहारामागे बँक कापते ते कमिशन, शून्य आहे. बाकी डेबिट कार्डाला, उलाढाल वर्षाला 20 लाखांपर्यंत असेल तर मशीनवर जास्तीत जास्त 0.40 टक्के, म्हणजे हजाराच्या चादरीमागे 4 रुपये. क्रेडिट कार्डाचा रेट मात्र वेगळा, तो आधी लिहून घ्या. गड्ड्याच्या यात्रेत बाहेरगावचं गिऱ्हाईक येतं तेव्हा कार्डं निघायला लागली तर मग मशीन घ्या, करंट खातं असलेल्या बँकेत भाड्याची घासाघीस करून.