‘कंपनी उतरणीला लागलीय, मॅडम. सोडू का?’

मी समुपदेशक; हा प्रश्न माझ्याकडे सरळ येत नाही. झोप लागत नाही, बीपीची गोळी सुरू झाली, घरात शब्दाला शब्द लागतो, पोरं जवळ येईनात, अशा तक्रारींच्या पोटातून तो येतो. बराच वेळ बोलून झालं की माणूस हळूच म्हणतो, ‘कंपनीचं काही खरं नाही वाटत.’ बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक पट्ट्यात फाउंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक्सवर आपली कितीतरी घरं उभी आहेत. वर कुठंतरी, दुसऱ्या राज्यातल्या हेड ऑफिसात एखादा निर्णय होतो आणि इथं वडगाव-अनगोळच्या स्वयंपाकघरात त्याची धग लागते.

गेल्या काही काळात पाहिलेल्या अशाच एका घराची ही गोष्ट. त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव मुद्दाम देत नाही.

वय ४२. एका मोठ्या उद्योगसमूहाच्या इथल्या युनिटमध्ये १६ वर्षं नोकरी, आता मशीन शॉपच्या क्वालिटी विभागाचे प्रमुख. आले तेच म्हणत, ‘माझं काही नाही मॅडम, घरातल्यांनी पाठवलंय म्हणून आलो.’ खुर्चीच्या कडेला बसले होते, हातात मोबाईल. बोलता बोलता दर दोन मिनिटांनी स्क्रीन बघायचे. कंपनीतल्या लोकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप रात्री दोनपर्यंत जागा असायचा: युनिट विकणार, शिफ्ट कमी होणार, अमुक कस्टमर गेला, तमुक साहेबांनी राजीनामा दिला. ते सगळं वाचूनच हे झोपायचे. म्हणजे झोपायचे नाहीतच.

अशा वेळी मी ‘सोडा’ही म्हणत नाही आणि ‘थांबा’ही म्हणत नाही. महिनोन्‌महिने तीन-चार तास झोपणाऱ्या माणसानं पोटापाण्याचा निर्णय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे आधी डॉक्टरांकडे पाठवलं, रात्री दहानंतर तो ग्रुप बंद ठेवायचं ठरवलं, आणि पुढच्या भेटीपर्यंत एकच काम दिलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं, उजवीकडे कानावर आलेलं.

त्यांना हे लगेच पटलं. ‘होय की. रिजेक्शनचं कारण शोधताना आम्ही तरी ऐकीव गोष्टीवर कुठं जातो?’

पुढच्या वेळी वही आली. उजवी बाजू गच्च भरलेली, डावीकडे पाच-सहाच ओळी. पण त्या ओळी वाचताना मलाच गप्प व्हायला झालं. सेकंड शिफ्टची बस बंद. मशीनचे इन्सर्ट (धातू कापणारी पाती) आता स्टोअरमधून मोजून मिळतात, जुना परत दिल्याशिवाय नवा नाही. उधारीवर माल देणारा व्हेंडर आता आधी पैसे मागतो. आणि शेवटची ओळ: माल मोजायच्या गेजवरच्या कॅलिब्रेशनच्या (अचूकता तपासणीच्या) स्टिकरची तारीख उलटून दोन महिने झाले, बाहेरच्या लॅबचं बिल थकलंय म्हणून गेज पाठवता येत नाहीत. ही ओळ सांगताना त्यांचा आवाज बदलला. बस बंद झाली याचं त्यांना फारसं वाटत नव्हतं. ज्या गेजवर विश्वास ठेवून ते माल पास करायचे, तेच खरं मोजतंय की नाही याची खात्री राहिली नव्हती. चांगल्या कारागिराला पगार उशिरा झाल्याचं दुःख होतं, पण त्याची खरी कळ इथं असते.

कंपनीची तब्येत अफवांखेरीजही कळते, आणि त्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की कोणत्याही कंपनीनं दाखल केलेले ताळेबंद पाहता येतात. कंपनीनं बँकेचं कर्ज घेताना रेटिंग करून घेतलं असेल तर रेटिंग एजन्सीचं टिपण फुकट वाचायला मिळतं. कंपनी माहिती देण्यास सहकार्य करत नाही असा शेरा त्यात दिसला तर तो गांभीर्यानं घ्यावा. आणि सगळ्यात सोपं म्हणजे आपलं पीएफ पासबुक. पगारातून कापलेली आणि कंपनीनं घालायची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते. पैशाची ओढाताण सुरू झाली की ज्यावर कुणी लगेच ओरडणार नाही असे पैसे आधी थांबतात, आणि पीएफ हा त्यातलाच.

त्यांनी माझ्यासमोरच उमंग अ‍ॅप उघडलं. अंगठ्यानं वर सारत गेले. नोंदी होत्या, पण अलीकडच्या प्रत्येक महिन्याची तारीख मागच्यापेक्षा पुढं सरकलेली. ‘हे मी कधी बघितलंच नव्हतं,’ म्हणाले.

पैशाचा विषय निघालाच तेव्हा एक भीती बाहेर आली, जी मी खूप जणांकडून ऐकते: ‘राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी बुडेल.’ बुडत नाही. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झाली असतील तर स्वतःहून राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचा बेसिक आणि डीए मिळून जो आकडा होतो (नव्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर तो वरचा भागही त्यात धरतात) त्याला १५ नं गुणायचं, २६ नं भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. त्यांचा आकडा ४२ हजार होता, वर्षं १६. म्हणजे साधारण ३ लाख ८८ हजार. ही रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यावी असं कायदा सांगतो. कंपनीकडे पैसेच नसतील तर कायद्याची तारीख आणि हातात पडण्याची तारीख यांत अंतर पडतं, हेही मी त्यांना सांगितलं. बंद पडू घातलेल्या कंपनीत शेवटपर्यंत थांबण्याची ही किंमत असते. दिवाळखोरीची वेळ आली तर २०१६ च्या संहितेत कामगारांच्या मागच्या २४ महिन्यांच्या देण्याला वरचं स्थान आहे आणि बाकी कर्मचाऱ्यांच्या १२ महिन्यांच्या देण्याला त्याखालचं. पण त्या रांगेत उभं राहणं हे काही म्हातारपणाची तजवीज म्हणून धरून चालता येत नाही.

इतकं सगळं कळल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल असं कुणालाही वाटेल. ते देत नव्हते. बायोडाटा तयार होता, पण पाठवलेला नव्हता. कारण विचारलं की दरवेळी नवं यायचं: मार्केट थंड आहे, वय झालंय, पुण्याला घरभाडं परवडत नाही. मी वाट पाहिली. मग एकदा ते म्हणाले, ‘माझ्या हाताखाली अकरा पोरं आहेत मॅडम. खानापूर, चंदगडकडची. आयटीआय होऊन आलेली, व्हर्नियर कसा धरायचा तेसुद्धा मी शिकवलंय. निम्म्यांच्या लग्नाला गेलोय. मी गेलो तर ती म्हणतील, आण्णा आधी पळाले.’

खरी गाठ इथं होती. आपल्या भागात नोकरी हे एक गोत असतं. गणपतीची वर्गणी, कुणाच्या घरची वास्तुशांत, दवाखान्यात रात्री बसायला जाणं, हे सगळं त्याच लोकांबरोबर. असा माणूस नोकरी सोडतो तेव्हा पगारापेक्षा फार मोठं काहीतरी सोडत असतो, आणि ‘व्यवहारी व्हा’ म्हणून त्याला झिडकारणं मला क्रूर वाटतं. पण एक गोष्ट मी त्यांना विचारली. तुमची ही निष्ठा पोरांशी आहे की कंपनीशी? पोरांशी असेल तर ती कंपनीच्या गेटबाहेरही निभावता येते. आणि तुम्ही थांबल्यानं त्यांची नोकरी टिकणार आहे का? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘उलट मी आहे म्हणून तीही थांबलीयत.’

त्यानंतरच्या भेटीला त्यांच्या पत्नीला, वहिनींना बोलावलं. ‘आम्ही’ म्हणून घ्यायचा निर्णय एकटा माणूस मनातल्या मनात कुढत घेतो, तेव्हा तो अर्धा चुकलेला असतोच. वहिनी शाळेत शिकवतात, बोलायला स्वच्छ. त्यांना नोकरी जाण्याची भीती नव्हती. ‘ह्यांचं घरात असून नसल्यासारखं असणं मला सोसत नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या आणि कामाचं बोलायला लागल्या. घराच्या कर्जाचा हप्ता किती, त्यांच्या पगारात काय भागतं, शिल्लक किती महिने पुरेल. मुलगी नववीत. बिऱ्हाड पुण्याला हलवलं तर तिच्या दहावीचं काय, आणि पुढं कर्नाटकच्या सीईटीला बसायचं तर या राज्यात किती वर्षं शिकलात ते बघतात, त्याचं काय? सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात काही जागा असतात हेही त्यांना ठाऊक होतं. पण नियमांच्या भरवशावर पोरीला मधेच उचलायला त्यांची तयारी नव्हती. सासरे खानापूर तालुक्यात गावी, मधुमेहाचे, कंपनीच्या ग्रुप विम्यात. नोकरी सुटली की तो विमाही जातो. त्याच विमा कंपनीकडे स्वतंत्र पॉलिसी करून घेता येते का, हे नोकरी असतानाच लेखी विचारावं लागतं. ते पत्र वहिनींनीच लिहिलं.

त्या दिवशी दोघांनी मिळून अटी ठरवल्या. मन शांत असताना ठरवलेली अट, मन घाबरलेलं असताना हात धरायला उपयोगी पडते. पीएफची नोंद सलग दोन महिने आली नाही तर थांबायचं नाही. पगार महिन्याच्या वर लांबला तर थांबायचं नाही. बिऱ्हाड मुलीच्या दहावीपर्यंत हलवायचं नाही, म्हणून नोकरी आधी इथंच शोधायची, मग निपाणी-कागल-कोल्हापूर, पुणे सगळ्यात शेवटी. चौथी अट त्यांनी स्वतः सांगितली, आणि वहिनींनी ती वहीत उतरवली: जो पार्ट मला योग्य वाटत नाही तो पास करायला सही करायला लावली, तर त्याच दिवशी राजीनामा.

बायोडाटे जाऊ लागले. मुलाखतींत एक गोष्ट त्यांना उमगली. १६ वर्षं एकाच ठिकाणी काढल्यानं आपल्याला काहीच येत नाही असं त्यांना वाटायला लागलं होतं. वाहन उद्योगातला गुणवत्तेचा मानदंड, आयएटीएफ १६९४९, त्यांच्या तळहातावर होता, पण हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमुळे या भागात विमान उद्योगातला तसाच मानदंड, एएस ९१००, जाणणाऱ्यांनाही काम आहे, हे त्यांनी कधी आपल्याशी जोडून पाहिलं नव्हतं. कोर्स लावला. रात्रीचे जे तास व्हॉट्सअ‍ॅप खात होतं ते अभ्यासाला गेले, आणि गंमत म्हणजे झोपही लागायला लागली.

पगार आणि पीएफ रडतखडत चालूच राहिले. वेळ आली ती चौथ्या अटीची. महिन्याची अखेर, डिस्पॅच अडलेलं, बोअरचं माप हद्दीबाहेर गेलेला लॉट. वरून फोन आला, ‘डेव्हिएशनवर सही करा, कस्टमरचं आम्ही बघतो.’ डेव्हिएशन म्हणजे माप चुकलेला माल तसाच चालवून घेण्याची सवलत; त्यासाठी लागणारी कस्टमरची लेखी मंजुरी नव्हती. त्यांनी सही केली नाही, आणि घरी येऊन वहिनींना सांगून राजीनाम्याचा मेल पाठवला. तेव्हा हातात दुसरं ऑफर लेटर नव्हतं. एरवी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असंच मी सांगते आणि आजही सांगेन. पण त्यांच्या बाबतीत ९० दिवसांचा नोटीस पिरियड होता, घरखर्चाचा हिशेब झालेला होता आणि जोडीदार बरोबर होती. त्या सहीचं ओझं त्यांनी किती वर्षं वाहिलं असतं, हे त्यांच्या तोंडाकडे बघून मला कळत होतं.

नोटीस पिरियडच्या शेवटाला संकेश्वरच्या बाजूच्या एका लहान युनिटमध्ये काम मिळालं. पगार थोडा कमी, पद एक पायरी खाली, रोज हायवेनं जाणं-येणं. पोरांना त्यांनी स्वतःच, राजीनामा दिल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर सांगितलं. कुणी पळाले म्हणालं नाही. एकानं तिथंच मोबाईल काढला आणि विचारलं, ‘आण्णा, माझा बायोडाटा बघता का?’ पुढचे कित्येक रविवार त्यातच गेले.

हे वाचून कुणी सरसकट राजीनामा देऊ नये. त्याच कंपनीतले ५४ वर्षांचे एक मशीन ऑपरेटर नंतर माझ्याकडे आले, आणि त्यांनी सगळा विचार करून थांबायचं ठरवलं. ते कायद्याच्या व्याख्येत कामगार होते. कंपनीनं कपात केली तर अशा माणसाला दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून मिळायला हवा. स्वतःहून सोडलं तर त्यावर पाणी सोडावं लागतं. त्यांच्या वर्षांचा हिशेब मोठा होता, कर्ज काही नव्हतं, गावी शेती होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, म्हणून त्यांना कामगार कायद्याच्या वकिलाकडे जाऊन आपली बाजू तपासायला सांगितलं. त्यांच्या बाबतीत थांबणं हाच शहाणपणाचा निर्णय होता.

ती कंपनी अजून बंद पडलेली नाही. मधे एक ऑर्डर आली, बस पुन्हा सुरू झाली. ते ऐकून क्वालिटीचे आण्णा मला फोन करून म्हणाले, ‘घाई केली का मॅडम मी?’ मी त्यांना वहीतली चौथी अट वाचून दाखवायला सांगितली. त्यांनी वाचली. म्हणाले, ‘नाही. घाई नाही केली,’ आणि येत्या रविवारी कुणाच्या मुलाखतीची तयारी करून घ्यायची आहे ते सांगायला लागले.