फेसबुकवर पाहून नागपुरात प्लॉट घ्यावा का? सरकारी साइटवर खात्री होते का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: नोकरीमुळे तुम्ही पुण्यात आहात, घर नागपुरात बांधायचंय. मिहानजवळ (विमानतळालगतचा मोठा उद्योग प्रकल्प) १५०० चौरस फुटांचा ‘एनए-टीपी’ (म्हणजे अकृषिक, नगररचनेची मंजुरी असलेला) प्लॉट फेसबुकवर दिसला, बुकिंगला ५१ हजार मागतायत, आणि सगळं घरबसल्या सरकारी साइटवर तपासता येईल का हे तुम्हाला हवंय. या साइट इतक्या वाईट का असतात, असा त्रागाही तुम्ही केलाय. बरंच तपासता येतं. पण मौजा (महसुली गाव), पटवारी हलका नंबर (तलाठ्याच्या हद्दीचा) आणि खसरा नंबर (जमिनीचा गट किंवा सर्व्हे नंबर) या तीन गोष्टी हातात असतील तरच. तुम्ही चिकटवलेल्या जाहिरातीत यातलं काहीच नाही.

मी नागपुरात एका वकिलांकडे सर्चचं काम करते. जमिनीचे जुने व्यवहार शोधायचे आणि साहेबांना अहवालासाठी मांडून द्यायचे. या साइट दिवसभर उघड्याच असतात.

आधी जाहिरातीबद्दल. ड्रोनचं शूटिंग, गेटवर कमान, दोन कडुनिंबाची रोपं, आणि खाली ‘मिहानपासून १० मिनिटं’. मिहान म्हणजे एखादा चौक नव्हे, ते हजारो हेक्टरवर पसरलेलं आहे. कुठल्या टोकापासून १० मिनिटं? ‘समृद्धी टच’ हा तर माझा आवडता शब्दप्रयोग. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि आपल्या बाजूला हिंगणा तालुक्यातल्या शिवमडक्यापासून सुरू होतो, पण त्यावर चढता येतं फक्त इंटरचेंजला. मधे कुंपण. रस्ता तुमच्या प्लॉटला अगदी खेटून गेला तरी तुमच्या वाट्याला ट्रकचा आवाजच येणार. आता नवीन भर म्हणजे ‘नवीन नागपूरला लागून’. २०२५ मध्ये सरकारने हिंगणा तालुक्यातल्या गोधनी (रिठी) आणि लाडगाव (रिठी) इथे सुमारे ६९२ हेक्टरवर नवीन नागपूर उभारायला मंजुरी दिली. ती जमीन संपादित होणार आहे. त्यामुळे तुमचा खसरा ‘लागून’ आहे की ‘आत’ आहे, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला काही किंमत नाही.

एजंटला फोन करून खसरा नंबर मागा. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: ‘दादा, आधी लेआउट तर पाहून जा न, गाडी आपलीच पाठवतो.’ आरएल आहे का विचारलं की ‘येऊनच राहिलं आहे.’ नागपुरात आरएल दोन कागदांना म्हणतात. एक, गुंठेवारी (मंजुरी न घेता शेताचे तुकडे पाडून विकलेल्या) लेआउटमधला प्लॉट नियमित झाल्याचं पत्र; दुसरं, मंजूर लेआउटमधले प्लॉट विकायला मोकळे झाल्याचं पत्र. कुठलं ते स्पष्ट विचारा. ‘गुंठेवारीत होऊन जाईल’ असं म्हणाला तर फोन ठेवून द्या. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पाडलेले प्लॉट त्यात घेतले. आज शेतात चुना मारून पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. ५७२ आणि १९०० या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत लेआउटचा इतिहास नागपुरात कोणालाही विचारा, लोकांची आयुष्यं गेली त्यात.

खसरा नंबर मिळाला असं धरू. मग मी काय करते ते सांगते.

पहिल्यांदा महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण. समजा साठ प्लॉटचा लेआउट विकायला काढलाय, म्हणजे नोंदणी हवीच, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही लागतो. नसला तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. फेसबुकवरची जाहिरात यातून सुटत नाही. कोड स्कॅन करा आणि जे पान उघडेल त्यावरचा खसरा एजंटने दिलेल्या खसऱ्याशी ताडून बघा. इथेच बऱ्याचदा गंमत कळते: क्रमांक खरा असतो, पण तो शेजारच्या, आधी विकून झालेल्या फेज वनचा. पानावर मंजूर नकाशा आणि वकिलाचा टायटल रिपोर्ट (मालकीचा अहवाल) असतो, तो उतरवून घ्या. एक मात्र ध्यानात असू द्या, हे कागद बिल्डरनेच चढवलेले असतात. महारेरात नोंद आहे म्हणजे सरकारने मालकी तपासून दिली, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग सातबारा. महाभूलेखवर तो फुकट दिसतो, पण फक्त माहितीपुरता. ‘डिजिटल सातबारा’च्या साइटवर १५ रुपये भरून डिजिटल सहीचा काढा, तो कायदेशीर कामाला चालतो. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ असेल तर तिच्यावरचा १६ अंकी क्रमांक त्याच साइटवर टाकून पडताळा. गाव निवडताना तालुका नीट बघा. नागपूर शहर आणि नागपूर ग्रामीण हे वेगळे तालुके आहेत, बेसा ग्रामीणमध्ये सापडेल. खापरी नावाची गावं तर जिल्ह्यात एकापेक्षा जास्त आहेत. मिहानवालं हवं तर ‘खापरी रेल्वे’ बघा.

सातबारा उघडला की लोक मालकाचं नाव वाचून बंद करतात. मी आधी क्षेत्र वाचते. समजा ०.८१ हेक्टर लिहिलंय. म्हणजे ८,१०० चौरस मीटर, साधारण ८७ हजार चौरस फूट. आणि ब्रोशरमध्ये १५०० फुटांचे साठ प्लॉट! साठ गुणिले पंधराशे झाले ९० हजार. म्हणजे जमिनीपेक्षा प्लॉट जास्त, आणि रस्ते अजून पाडायचेच आहेत. नियमाप्रमाणे १० टक्के खुली जागा सोडावी लागते, आतले रस्ते आणखी जागा खातात. एवढ्या जमिनीत तसले पस्तीसेक प्लॉट बसले तरी खूप. या एका गुणाकाराने जेवढ्या जाहिराती गळतात तेवढ्या दुसऱ्या कशाने गळत नाहीत.

त्यानंतर भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर पुढे चला. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, आणि ‘परवानगी आम्ही काढून देतो’ यावर पैसे द्यायचे नाहीत. मालकांच्या रकान्यात वीस-पंचवीस असंबंधित आडनावं ‘सामाईक’ म्हणून दिसली तर समजा की लेआउट मंजूर नाही, शेतातला अविभक्त हिस्सा विकणं चाललंय. जमीन अजून शेतीच दाखवत असेल आणि तुम्ही शेतकरी नसाल तर प्रश्नच मिटला: विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा लागू आहे, आणि त्याचं कलम ८९ बिगर-शेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. आणि आपल्याकडचा खास शब्द, झुडपी जंगल. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत अशा जमिनी आहेत, नागपूर त्यात आहे. दिसायला उजाड माळरान, पण सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात या जमिनी वनजमीनच धरायच्या असं सांगितलं. सातबाऱ्यावर किंवा फेरफारात हा शब्द दिसला की तिथेच थांबा.

महाभूनकाशा या जमिनीच्या नकाशांच्या सरकारी साइटवर तोच खसरा उघडा आणि शेजारच्या खिडकीत सॅटेलाइट नकाशा ठेवा. बघायचं काय, तर नाला. नकाशात नाल्याची रेघ आणि ब्रोशरमध्ये त्याच जागी ‘चिल्ड्रन पार्क’ असला प्रकार दिसतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात कुठे-कुठे पाणी शिरलं ते तुमच्या घरच्यांना आठवत असेलच.

शेवटी नोंदणी विभागाचा ई-सर्च. वर्ष, गाव आणि मिळकतीचा नंबर टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, बघता येतो. त्यात कोणी कोणाला विकलं, मोबदला किती, क्षेत्र किती, सगळं लिहिलेलं असतं. चिकाटीने एकेक वर्ष मागे जावं लागतं आणि नंबर वेगवेगळ्या तऱ्हेने टाकून बघावा लागतो: नुसता ४५, मग ४५/२, मग ४५/२/१. दस्त नोंदवणाऱ्याने जसा लिहिला तसाच तो सापडतो. गावाचं नावही तसंच, पिपळा नाही लागलं तर पिंपळा लिहून बघा. तुमच्याच प्लॉट नंबरचा आधी कोणाच्या नावे दस्त झालाय का, ते इथे कळतं.

आता तुमच्या प्रश्नातला तो त्रागा, सरकारी साइट इतक्या वाईट का असतात? मला त्यांचं दिसणं खटकत नाही. कॅप्चा दोनदा मागितला, सेशन संपलं, बॅक दाबलं की पहिल्यापासून सुरुवात, याची सवय होते. रात्री उशिरा किंवा सकाळी लवकर बसा, पान लवकर उघडतं. खरी खोट अशी की प्रत्येक खातं आपापल्यापुरतं बोलतं. महसूलला सातबारा माहीत, नोंदणीवाल्यांना दस्त, नियोजन प्राधिकरणाला नकाशा, कोर्टाला दावा. एकाच तुकड्याची चार दारं, आणि या दारातून त्या दारात जायला आतून वाट नाही. ‘या खसऱ्यावर मंजूर लेआउट आहे का, दस्त किती झाले, दावा चालू आहे का’ हे एकाच ठिकाणी विचारायची सोय नाही. एजंटचा धंदा नेमका या फटीत चालतो. त्याच्या पानावर सगळं एकत्र, मराठीत, फोटोसकट मिळतं, फक्त पडताळता येत नाही.

तरी या साइटना मी नुसती नावं ठेवणार नाही. पूर्वी हेच कागद मिळवायला पटवाऱ्याच्या दारात बसावं लागायचं, आणि तो फिरतीवर असला की गेला दिवस. आज पुण्यात बसून तुम्ही फेरफाराची नोटीससुद्धा ‘आपली चावडी’वर बघू शकता. ती बघाच, विक्रेत्याच्या बहिणीने हरकत घेतलेली असेल तर ती तिथून कळते. ई-कोर्ट्सवर मालकाच्या नावाने नागपूर जिल्हा न्यायालयातले दावेही शोधा. मात्र नकली साइटपासून जपा. सातबारा काढून देतो म्हणून जास्त पैसे घेणारी ॲप भरपूर आहेत. पत्त्याचा शेवट ‘जीओव्ही डॉट इन’ आहे एवढं बघूनच पैसे भरा.

कुठल्याच साइटवर न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून दिलेलं बयाणापत्र. घरातल्या घरात झालेली, कुठेही न नोंदवलेली वाटणी. आणि ताबा. कागदावर मालक एक, जागेवर पत्र्याचं शेड दुसऱ्याचं. यासाठी माणूस पाठवावाच लागतो. तुमचे वडील किंवा भाऊ नागपुरात असतील तर एजंटच्या गाडीतून नाही, आपल्या गाडीने आणि शक्यतो पावसाळ्यात जायला सांगा. शेजारच्या शेतकऱ्याला विचारायचं: ही जमीन कोण वाहत होतं, इथे भांडण आहे का? पंधरा मिनिटं बोलला की वकिलाला फाइलमध्ये न दिसणारं बरंच काही तो सांगून जातो. लेआउट मंजुरीचं पत्र खरं आहे का हे नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), ज्यांची हद्द असेल त्यांच्याकडे जाऊन पत्राच्या क्रमांकावरून विचारता येतं. जागा शहरातली, नगर भूमापन झालेली असेल तर सातबाऱ्याऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा.

एवढं सगळं जुळलं तर वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च करून घ्या. त्याची फी तुमच्या टोकनपेक्षा बरीच कमी असते.

आणि ते ५१ हजार. आज रात्री ऑफर संपतेय असं सांगत असतील तर संपू द्या, पुढच्या आठवड्यात परत येते. भरायचेच ठरले तर चेकने किंवा बँकेतून, कंपनीच्या खात्यात, एजंटच्या यूपीआयवर नाही. पावतीवर मौजा, खसरा, प्लॉट नंबर आणि ‘टायटल न जुळल्यास पूर्ण रक्कम परत’ हे लिहून घ्या. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेरा कायद्यात मनाई आहे, म्हणून ‘अर्धे आता, अर्धे रजिस्ट्रीला’ मागितलं तर त्यांना कलम १३ वाचायला सांगा. मौजा आणि खसरा नंबर मिळाला की इथेच टाका, क्षेत्राचा तो गुणाकार मी करून देईन.