वाचकांचे प्रश्न : मातीतले सूत्रकृमी आणि हुमणी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. किडींना मारणाऱ्या सूत्रकृमींवर, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या सूक्ष्म कृमींवर, मी गेली अनेक वर्षे काम करतो आहे, म्हणून या वेळचे सदर त्या चार पत्रांनाच दिले आहे.

प्रश्न : आमचे एक एकराचे कुळागर आहे. पोफळींची पाने पिवळी पडतात, झाड ढकलले की बुंध्यापासून हलते आणि खणल्यावर पांढऱ्या, वाकड्या अळ्या सापडतात. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात कीड मारणाऱ्या सूत्रकृमींची भुकटी आणली आणि पाण्यात कालवून सकाळी अकराच्या सुमारास बुंध्यांशी फवारली. महिन्याने पाहिले तर अळ्या जशाच्या तशा. हे औषध खरोखर लागू पडते का? – एक बागायतदार, सत्तरी

उत्तर : लागू पडते. आपल्या बागेत ते का लागू पडले नाही, याची बहुतेक कारणे मात्र आपल्या पत्रातच आहेत. आपण वर्णन केलेली अळी हुमणीची आहे. पावसाच्या पहिल्या सरी पडल्या की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून बाहेर पडतात, मीलनानंतर माद्या मातीत अंडी घालतात आणि त्यातून निघालेल्या बारीक अळ्या सुरुवातीला कुजलेला पालापाचोळा व कोवळी मुळे खाऊन राहतात. जसजशा त्या वाढतात तसतशा पोफळीच्या जाड मुळांवर उतरतात. ऑक्टोबरात आपल्याला दिसली ती अंगठ्याएवढी, पुरी वाढलेली अळी, आणि सूत्रकृमींच्या दृष्टीने हीच सर्वांत अवघड अवस्था.

ती अवघड का, हे कळण्यासाठी आत काय घडते ते पाहावे लागेल. आपण आणलेल्या भुकटीत जिवंत प्राणी होते. प्रत्येकाची लांबी सुमारे अर्धा मिलिमीटर, म्हणजे नुसत्या डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढी. या अवस्थेत ते काही खात नाहीत, अंगातल्या चरबीच्या साठ्यावर तग धरतात आणि मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकत, अळीच्या श्वासातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा माग काढत तिच्यापर्यंत पोहोचतात. तोंड, गुदद्वार किंवा अंगाच्या कडेची श्वासरंध्रे यांतून ते आत शिरतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिस जातकुळीतल्यांना तर डोक्याशी एक बारीक दात असतो, त्याने ते पातळ त्वचा फाडूनही वाट काढतात. आत शिरल्यावर ते आपल्या आतड्यात सांभाळून आणलेले जिवाणू अळीच्या रक्तात सोडतात. ते जिवाणू झपाट्याने वाढतात आणि एरवी एक-दोन दिवसांत अळी मरते. मग सूत्रकृमी त्या कलेवरातच दोन-तीन पिढ्या वाढतात आणि दहा-पंधरा दिवसांनी नवी फौज मातीत उतरते. मोठ्या हुमणीची श्वासरंध्रे मात्र चाळणीसारख्या जाळीने झाकलेली असतात, त्यामुळे तो मुख्य दरवाजा जवळजवळ बंदच राहतो. लहान अळी त्या मानाने सहज सापडते.

दुसरी चूक वेळेची. उघड्या उन्हातील अतिनील किरणांनी हे जीव काही मिनिटांत मरतात आणि कोरड्या मातीत त्यांना हलताच येत नाही. सकाळी अकराला, पाऊस संपत आलेल्या दिवसांत, बुंध्याच्या सुकत चाललेल्या मातीवर त्यांना सोडणे म्हणजे मासा वाळूवर सोडण्यासारखेच आहे. तिसरी शंका मला त्या पुड्याचीच येते. विक्रेत्याकडे तो किती दिवस आणि कोणत्या जागी ठेवला होता, हे आपण विचारले होते का? संशोधनाच्या सुरुवातीच्या काळात काणकोणच्या एका बागेत नेलेला सूत्रकृमींचा डबा मी दुपारभर बंद गाडीत राहू दिला होता. संध्याकाळी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तेव्हा सकाळी वळवळणारे ते सारे जीव काडीसारखे सरळ आणि निपचित पडले होते. महिनाभर वाढवलेला साठा एका दुपारीत गेला. तेव्हापासून बागेत काहीही सोडण्यापूर्वी मी तो थेंब पाहिल्याशिवाय पुढे जात नाही. आपणही पुडा फोडल्यावर चिमूटभर भुकटी कोमट पाण्यात टाकून, अर्धा तास थांबून, जवळच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या.

या वर्षी असे करावे. ऑगस्टपासून, श्रावणातल्या उघडिपीत, माती ओली पण पाणी न तुंबलेली असताना, दिवस कलल्यावर सूत्रकृमी द्यावेत. मुसळधार पावसात ते वाहून जातात आणि पाणी साचलेल्या मातीत त्यांना प्राणवायू मिळत नाही. पंपाची बारीक जाळी काढून ठेवावी, कारण ती त्यांनाच अडवते. त्याहून चांगले म्हणजे झारीने द्यावे आणि पाणी मधूनमधून ढवळत राहावे, कारण ते तळाशी बसतात. माडाच्या मुळांवरील हुमणीसाठी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची शिफारस स्टायनरनेमा कार्पोकॅप्सी या जातीच्या हेक्टरी दीड अब्ज सूत्रकृमींची, तेही जमिनीत 5 ते 10 सेंटिमीटर खोलीवर देण्याची आणि गरजेप्रमाणे पुन्हा देण्याची आहे. त्या हिशेबाने आपल्या एकराला साठ कोटी लागतील. आकडा मोठा वाटला तरी दर चौरस सेंटिमीटरला ते पंधराच पडतात, म्हणून हात आखडता घेऊ नये. दिल्यानंतर हलके पाणी शिंपून वर झावळ्यांचे आच्छादन घालावे. एका वर्षात हुमणी नाहीशी होईल असे मी आपल्याला सांगणार नाही. सलग दोन-तीन पावसाळे हे काम करावे लागते, आणि संध्याकाळी बाहेर पडणारे भुंगेरे गोळा करून मारणे त्याच्या जोडीने चालू ठेवावेच लागते.

प्रश्न : या सूत्रकृमींनी मारलेली अळी अंधारात चमकते, असे वर्गात ऐकले. ते खरे आहे का? आमच्या परिसरातील मातीत ते असतील, तर महाविद्यालयाच्या प्रकल्पासाठी कसे शोधावेत? – एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : आपले पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण या विषयाची गोडी मलाही त्या चमकण्यानेच लागली. हेटेरोऱ्हॅब्डायटिसच्या पोटातला फोटोऱ्हॅब्डस हा जिवाणू प्रकाश देतो. प्रकाश अगदी मंद असतो. खोली पूर्ण अंधारी करून दहा मिनिटे डोळे सरावू द्यावे लागतात आणि मग बशीतल्या अळीच्या आकाराचा एक फिकट, हिरवट-निळसर धूसर पट्टा दिसू लागतो. दिवा लावला की तीच अळी विटेसारखी लाल दिसते. स्टायनरनेमा या दुसऱ्या जातकुळीने मारलेली अळी मातकट असते आणि ती चमकत नाही, त्यामुळे रंगावरूनच पहिला अंदाज बांधता येतो. आणखी एक खूण अशी की अशी अळी सडून घाण वास मारत नाही, कारण हे जिवाणू इतर जिवाणूंना रोखणारी द्रव्ये तयार करतात.

शोधण्याची पद्धत सोपी आहे. सावलीतली, ओलसर माती वीतभर खोलीपर्यंतची घ्यावी. हेटेरोऱ्हॅब्डायटिस इंडिका ही जात किनाऱ्यालगतच्या वाळूमिश्रित मातीत पुष्कळदा मिळते, म्हणून एखादा नमुना माडांखालच्या मातीचा जरूर असावा. माती डब्यात भरून तिच्यात मधमाश्यांची पोळी खाणाऱ्या मेणपतंगाच्या चार-पाच अळ्या सोडाव्यात आणि डबा उलटा करून सावलीत ठेवावा. आठवडाभर रोज पाहावे. मेलेली अळी पाण्याने धुऊन, उलट्या ठेवलेल्या लहान बशीवरील ओल्या कागदावर ठेवावी आणि ती बशी थोडे पाणी असलेल्या मोठ्या बशीत ठेवावी. व्हाइट नावाच्या संशोधकाने 1927 मध्ये सुचवलेला हा सापळा आजही जगभर वापरात आहे. दहाएक दिवसांनी सूत्रकृमी अळीतून निघून कागदावरून पाण्यात उतरतात आणि पाणी दुधाळ होते. भिंगातून पाहिले तर तो दुधाळपणा वळवळताना दिसतो.

अहवालाला थोडा इतिहास जोडावा. यातली पहिली जात गोटहोल्ड स्टायनर यांनी 1923 मध्ये वर्णिली. 1929 मध्ये रुडॉल्फ ग्लेझर यांना न्यू जर्सीतील एका गोल्फ मैदानावर जपानी भुंगेऱ्याच्या अळ्यांमध्ये दुसरी जात सापडली आणि या सूत्रकृमींना प्रयोगशाळेत वाढवून शेतात सोडण्याचा पहिला प्रयत्नही त्यांनीच केला. हेटेरोऱ्हॅब्डायटिस ही जातकुळी जॉर्ज पॉइनार यांनी 1976 मध्ये मांडली. इंडिका मात्र आपली. कोइमतूरच्या उसातून मिळालेल्या या जातीचे वर्णन पॉइनार, करुणाकर आणि डेव्हिड यांनी 1992 मध्ये केले आणि पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संपदा संस्थेने हुमणीसाठी तिचीच पाण्यात मिसळणारी भुकटी तयार केली.

प्रश्न : माझ्या कुळागरात पोफळींवर मिरवेली आहेत. सूत्रकृमींमुळे मिरवेल हळूहळू मरते, असे कृषी अधिकारी सांगतात. मग हे दुसरे सूत्रकृमी विकत घेऊन घालायचे कसे? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाव एक, पण जात आणि धंदा वेगळा. मिरवेलीच्या मुळांत शिरणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात सुईसारखा पोकळ काटा असतो आणि तो मुळांच्या पेशीत खुपसूनच तो जगतो. किडी मारणाऱ्यांना असा काटाच नसतो, त्यामुळे मूळ भेदणे त्यांना शक्य नाही. गांडुळे, कोंबड्या, गुरे आणि माणसे यांनाही त्यांच्यापासून धोका नाही. काळजी घ्यायची ती उलट बाजूने. मिरवेलीसाठी सूत्रकृमीनाशक रसायन घातले असेल, तर ते या उपकारक जीवांनाही मारते. म्हणून दोन्ही एकाच वेळी एकाच आळ्यात घालू नयेत.

प्रश्न : इंग्लंडमध्ये असलेला माझा भाऊ नाताळात घरी येताना तिथल्या बागेच्या दुकानातून सूत्रकृमींची पाकिटे आणणार आहे. ती काजूच्या रोठ्यावर, म्हणजे खोड आणि मुळे पोखरणाऱ्या अळीवर, चालतील का? – एक वाचक, पेडणे

उत्तर : भावाला कृपया आजच कळवा की पाकिटे आणू नयेत. जिवंत जैविक घटक देशात आणण्यासाठी वनस्पती विलगीकरणाच्या 2003 च्या आदेशाप्रमाणे आधी परवाना लागतो आणि तो नियम योग्यच आहे. परक्या मातीतून पाकिटाबरोबर आणखी काय येईल, हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय तिकडे विकल्या जाणाऱ्या जाती बहुधा थंड मातीत काम करणाऱ्या असतात. आपल्याकडच्या उष्ण मातीत त्या टिकणार नाहीत आणि आपल्या इंडिकाला तीच ऊब मानवते.

रोठ्याबद्दल सांगायचे तर, पुत्तूरच्या काजू संशोधन संचालनालयात या अळीवर इंडिका आणि स्टायनरनेमा अब्बासी यांचे प्रयोग झाले आहेत. सालीखालचे बोगदे अंधारे आणि ओलसर असल्यामुळे सूत्रकृमींना ते सोयीचे असतात. पण नुसते बुंध्यावर ओतून भागत नाही. बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसताच पटाशीने साल उकलून बोगद्याचा माग काढावा, सापडतील त्या अळ्या माराव्यात आणि उरलेल्या बोगद्यात व मुळांभोवतीच्या मातीत संध्याकाळी सूत्रकृमी घालून जागा ओलसर ठेवावी. झाडाची पाने पिवळी पडली असतील किंवा बुंध्याच्या निम्म्याहून अधिक घेराची साल खाल्ली गेली असेल, तर ते झाड वाचत नाही. ते मुळासकट काढून, आतल्या अळ्या आणि कोष नष्ट करावेत. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या झाडांवर अंडी घालणारे भुंगेरे त्याच खोडातून निघतात.