बासरी काढून टाक

प्रिय पोरी,

तुझी पटकथा दोनदा वाचली. एकदा ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर, डास मारत; दुसऱ्यांदा घरी, पेन्सिल घेऊन. "मावशी, रडू आलं का तेवढं सांगा," असं तू लिहिलं होतंस. आलं. आजोबा आजीच्या साडीची घडी उलगडतात तिथे आलं. पण त्याचं श्रेय तुला देणार नाही. माझ्या वयाच्या बाईसमोर कुणीही कपाटातली जुनी साडी उलगडली तरी येतं.

रडणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही हं. १९९१ साली 'माहेरची साडी' बघताना मीही दोन रुमाल भिजवलेत. पुढे मालिका लिहून पोट भरायला लागले, तेव्हा एका आजोबांना चार भाग मरायला लावलं. पहिल्यात छातीत कळ, दुसऱ्यात आयसीयू, तिसऱ्यात परदेशातला मुलगा विमानतळावर, चौथ्यात तोंडात पाणी. टीआरपी वाढला. शेजारीण मात्र आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही. म्हणजे रडवायचं कसं ते मला ठाऊक आहे, तुलाही लवकरच जमेल. सवय लागते, तेवढं वाईट.

आधी ती बासरी काढून टाक. आजोबा खिडकीशी गेले की बासरी, औषध घेतलं की बासरी. प्रेक्षकाला कुठे रडायचं ते कळतं, त्याला कोपरखळी मारू नकोस.

आता तुझा मुलगा. फोन उचलत नाही, बापाचा वाढदिवस विसरतो, वर बायकोचं ऐकतो. हा मुलगा आपल्याकडे फार जुना आहे. १९५४च्या 'ऊन पाऊस'मध्ये राजा परांजप्यांच्या मास्तरांना पोटच्या पोरांनी असंच वाऱ्यावर सोडलं होतं. त्याच्याही आधी, १९३७ साली, लिओ मॅकॅरीने हॉलिवूडमध्ये म्हाताऱ्या नवराबायकोची मुलांमध्ये वाटणी झालेली दाखवली, आणि २००३च्या 'बागबान'मध्ये तीच वाटणी परत झाली. 'बागबान'ची मुलं इतकी दुष्ट आहेत की थिएटरातल्या एकाही मुलाला तो आपण वाटत नाही. सगळे आईबापांना घेऊन सिनेमा बघतात, डोळे पुसतात आणि सुखाने घरी जातात.

त्यापेक्षा जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' बघ, १९५३चा. कॅमेरा जमिनीलगत, आपण पंगतीत बसल्यावर दिसेल तेवढ्या उंचीवर. म्हातारे आईबाप गावाहून टोकियोला मुलांकडे येतात. मुलगा डॉक्टर, मुलीचं पार्लर, दोघांनाही वेळ नाही, म्हणून भावंडं पैसे काढून त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवतात. तिथे रात्रभर तरुणांचा गोंगाट, म्हाताऱ्यांना झोप नाही. पुढे आई जाते. ती पार्लरवाली मुलगी हमसून हमसून रडते, अगदी खरं रडते. आणि अंत्यविधी उरकून सगळे जेवायला बसले की आईचा अमका किमोनो आणि कमरेचा पट्टा मला हवा म्हणते. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिचा राग आला होता. आई गेल्यावर तिच्या पाटल्यांचा विषय दहाव्याच्या आत मीच काढला होता, हे नंतर कधीतरी आठवलं.

तेव्हा तुझा मुलगा नालायक करू नकोस. त्याला घोडबंदर रोडला राहायला पाठव आणि गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकव. बाप नौपाड्यात, ताप चढलेला, आणि हा पाऊण तास एकाच कंटेनरच्या मागे. फोनवर दोघंही एकमेकांवर खेकसतात. बस, एवढंच लिही.

आणि दुःख दाखवायचंच असेल तर त्याला काहीतरी काम दे. 'सारांश' (१९८४) आठवतोय ना? अनुपम खेर तेव्हा जेमतेम अठ्ठावीसचा होता. त्याचा निवृत्त मास्तर मुलाच्या अस्थी सोडवायला कस्टम्सच्या कचेरीत जातो. आजूबाजूला टीव्ही-फ्रिज सोडवायला आलेली माणसं, आणि ह्यालाही तीच खिडकी, तेच कागद. त्या प्रसंगात मला साहेबाचं टेबल सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

माझं सांगते. हे जाऊन दोन वर्षं झाली. फोटोला हार घालताना मला काही होत नाही. पण गॅसचं बुकिंग अजून ह्यांच्या नंबरावर आहे. सिलिंडर खांद्यावरून उतरवला की पोरगा विचारतो, "काकांच्या मोबाइलवर कोड आला असेल बघा." मग मी आत जाते. ह्यांचा फोन चार्जिंगलाच असतो, दर महिन्याला रिचार्जही करते. ह्यांनी अक्षरं एवढी मोठी करून ठेवलीत की चार आकड्यांनी अर्धा पडदा भरतो. मी दारातून ओरडून कोड सांगते आणि तो "थँक्यू काकू" म्हणून जिना उतरतो. नंबर बदलायचा अर्ज भरून ड्रॉवरमध्ये ठेवलाय. दिला नाही अजून. आता ह्यात बासरी कुठे घालशील?

तुझे आजोबा फार गोड आहेत, हीसुद्धा एक अडचणच. कट्ट्यावर येऊन ऐक एकदा. २०२०च्या मार्चपासून रेल्वेची सवलत गेली ह्याचा राग अजून ताजा आहे. एसटी पंच्याहत्तरीनंतर फुकट झाली २०२२मध्ये. तर एक गृहस्थ, खरं वय सत्याहत्तर, पण शाळेत जन्मतारीख चुकीची लागल्यामुळे कागदावर त्र्याहत्तर, ते मेलेल्या हेडमास्तरांना रोज शिव्या घालतात. मरणाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. गुडघ्याच्या वाटीला किती खर्च आला ह्यावर मात्र तासभर जातो.

'अस्तु' नसेल पाहिला तर बघ. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा. मोहन आगाशे, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यात स्मृती हरवलेले संस्कृतचे पंडित झालेत आणि एका हत्तीमागे चालत निघून जातात. तो हत्ती कशाचं प्रतीक हे मला विचारू नकोस, मला तो हत्तीच वाटतो. माहुताच्या बायकोला ते आई म्हणतात आणि तीही, काहीही न विचारता, त्यांना लेकरासारखं जेवू घालते. अमृता सुभाषला ह्या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तुझ्या शेवटच्या प्रसंगात नात आजोबांना दीड पान समजावते. ते सगळं खोडलंय मी. तिच्या हातात ताट दे.

साडीचा प्रसंग ठेव, पण घडी उलगडल्यावर डांबरगोळी खाली पडू दे आणि आजोबांना ती पलंगाखाली शोधू दे.

नोव्हेंबरात मला बँकेत हयातीचा दाखला द्यायला जायचंय. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सही करून सांगावं लागतं. चल माझ्याबरोबर, रांगेत तुला अख्खा सिनेमा मिळेल. येताना पेन घेऊन ये. तिथलं दोऱ्याला बांधलेलं असतं आणि उमटत नाही.

तुझी,
मावशी