दाढीनंतर आग होऊ नये म्हणून सौम्य सेफ्टी रेझर कसा निवडावा?

नागपूरच्या मे महिन्यात दाढीनंतर मानेवर आग होते आणि घाम लागताच ती वाढते, म्हणून आपण सौम्य रेझर विचारला आहे. रेझरचा सौम्यपणा मुख्यतः पाते कडेबाहेर किती डोकावते आणि पाते व खालची पट्टी यांत किती फट राहते यावर ठरतो. म्हणून दातेरी पट्टीऐवजी सलग पट्टीचा रेझर घ्यावा. मर्कूर ३४सी आणि फेदर एएस-डी२ सौम्य मानले जातात, परंतु नवख्याला मी रॉकवेल ६सी सुचवीन, कारण त्यातील पालटून बसवता येणाऱ्या खालच्या पट्ट्यांच्या १ ते ६ क्रमांकांच्या बाजूंपैकी १ सर्वांत सौम्य असून त्वचा सरावली की पुढे जाता येते.

पाते मात्र बोथट नको. बोथट पाते केस ओढते, मग हात नकळत दाबला जातो आणि खरी इजा तिथेच होते. आंघोळीनंतर, भरपूर फेस लावून, साधारण ३० अंशांच्या कोनात रेझर केवळ त्याच्या वजनाने फिरू द्यावा. मानेवरचे केस अनेकदा आडवे वाढतात. त्यांची दिशा बोटांनी चाचपून पाहावी आणि पहिले काही आठवडे उलट दिशेने दाढी करूच नये.