जुनी होबी १६ कमी खर्चात वाळूवरून पाण्यात कशी न्यायची?

तुम्ही लिहिलंय की जुनी होबी १६ कॅटामरान (दोन जोड-सांगाड्यांची शिडाची होडी) हाती लागली आहे, माणसं दोनच आहेत आणि फुग्यासारख्या चाकांची आयात ट्रॉली परवडत नाही. मग मालवणच्या बाजूला ती किनाऱ्यावरून काढायची कशी? माझ्याकडे हीच होडी आहे. सहा हंगाम तारकर्लीच्या वाळूवरून काढतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी, ती ओढू नका. वजन १४५ किलो. दोघांनी जोर लावला की ओल्या वाळूवर सरकते, आणि तिथेच फसायला होतं. हिला मधोमध खाली सोडायची फळी नसते. वाऱ्याने आडवं वाहून जाणं रोखतो तो दोन्ही हलचा, म्हणजे होडीच्या दोन लांबट सांगाड्यांचा, केळ्यासारखा वाकलेला तळ. वाळूवर सगळा भार त्या वाकाच्या अरुंद कडेवर येतो. मी पहिला हंगाम ओढतच काढला. मे महिन्यात होडी उलटी करून पाहिली, तर वीतभर जागेतला पांढरा जेलकोट, म्हणजे वरचा गुळगुळीत थर, गेलेला आणि काचेच्या कापडाची वीण बोटाला लागत होती. शेजारी रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, होडी लावणारे काका दोनदा म्हणाले होते, "वडू नको रे, तळ झिजतलो." इपॉक्सी आणि कापडाचे थर द्यायला जेवढे पैसे गेले, तेवढ्यात गाडा झाला असता.

तो गाडा असा करा. रिक्षाची ४.००-८ मापाची जुनी चाकं घ्या, पण दोन नको, चार. प्रत्येक हलच्या खाली जोडीने बसवा. हवा कमीच ठेवा, अंगठ्याने दाबल्यावर टायर सहज दबला पाहिजे. कडक चाक वाळू कापत खाली रुततं, मऊ चाक पसरतं आणि वर राहतं. आसाला जाड जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप चालतो. बॉल बेअरिंगच्या फंदात पडू नका, खाऱ्या पाण्यात ती लवकर अडकतात. लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश, म्हणजे आसावर बसणाऱ्या नळ्या, करून घ्या. हल टेकायला फळीत त्याच्या आकाराची खाच पाडायची आणि वर जुन्या ट्यूबचं रबर ठोकायचं. होडी आसावर तोलाच्या जागी बसली, की डोलकाठी उभी असतानाही एका माणसाला नाळ, म्हणजे पुढचं टोक, उचलता येते. दरवेळी गाडा गोड्या पाण्याने धुवा. माझा सगळा मिळून सात हजारांच्या आत झाला.

एवढंही नको असेल तर १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप आणा. ६ मीटरचा पाइप मधोमध कापला की दोन रूळ होतात, असे तीन-चार लागतात. घट्ट ओल्या वाळूवर ते छान चालतात. वरच्या कोरड्या वाळूत मात्र रूळ फिरत नाही, स्वतःपुढे बांध घालत जातो. तिथे खाली फळ्या टाका. उलांडीच्या (बाजूला तरंगतं लाकूड बांधलेल्या) होड्याही लाकडं टाकूनच वर घेतात, एक दिवस उभं राहून नीट बघा.

वेळ निवडण्यावर मात्र गाड्यापेक्षा जास्त विचार करा. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ निघते: अष्टमीला सुमारे सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ऐन भरतीला पाणी वरच्या उभ्या उतारावर येतं आणि लाट थेट काठावर आपटते. ऐन ओहोटीला चालायचं अंतर वाढतं. म्हणून अर्ध्या भरतीला निघायचं आणि अर्ध्या ओहोटीला परतायचं. द्वितीया-तृतीयेला भरती दीड ते सव्वादोनला येते, म्हणजे साडेदहा-अकराला निघता येतं. तोवर मतलई, म्हणजे सकाळचा जमिनीवरचा वाराही पडलेला असतो. सकाळी त्या वाऱ्यात समुद्र काचेसारखा दिसतो आणि मोह होतो, पण तो जमिनीकडून वाहतो. काही मोडलं तर होडी बाहेरच जाणार. नवखेपणी तरी दुपारकडे येणाऱ्या वायव्येच्या वाऱ्याची वाट बघा. पावसाळ्यात अजिबात नको.

शीड चढवताना नाळ वाऱ्याकडे ठेवा. मग एकाने कमरेएवढ्या पाण्यात जाऊन ती लाटांकडे धरायची. दुसऱ्याने वर चढून दोन्ही सुकाणू पूर्ण खाली सोडायची. अर्धवट सोडलेलं सुकाणू हाताला फार जड लागतं आणि त्याच्यावर नको तेवढा ताण येतो. आणि होडी व किनारा यांच्यामध्ये कधीही उभं राहू नका, लाटेबरोबर १४५ किलो गुडघ्यावर येतात. निघताना गाडा भरतीच्या रेषेच्या वर नेऊन सुरूच्या झाडाला बांधा. माझा एकदा तरंगत देवबागच्या दिशेने गेला होता.

वाचलेले पैसे दोन चांगल्या लाइफ जॅकेटांवर आणि एका वल्ह्यावर घाला. बंदर कार्यालयात नोंदणीचं आधी विचारून घ्या. रापण लागलेली असेल तेव्हा त्यांच्या जागेतून होडी काढू नका. थांबा, दोर ओढायला हात लावा. संध्याकाळी तुमची होडी वर घ्यायला तीच माणसं येतात.

डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघा. ती ॲल्युमिनियमची, आठ मीटरची आहे आणि आपल्या वाड्यांतून विजेच्या तारा फार खाली आलेल्या असतात. घराजवळ उभी करून किनाऱ्यापर्यंत ढकलत नेऊ नका. ती मोकळ्या वाळूवर गेल्यावरच उभी करा आणि परत निघण्याआधी तिथेच उतरवा.